दाढेतली कळ आणि नऊ सायबोर्ग

जो शिमामुराच्या दाढेत एक कळ बसवलेली आहे. ती दाबली की तो आवाजालाही मागे टाकतो. भोवतालचं जग जागच्या जागी थिजतं, सुटलेली बंदुकीची गोळी हवेत लटकून राहते आणि त्या निश्चल जगात तो एकटाच पळत असतो. अंगावर खास गणवेश नसेल तर हवेच्या घर्षणानं कपडे जळून जातात. ‘सायबोर्ग ००९’ या जपानी चित्रकथेचा आणि तिच्यावरून निघालेल्या अ‍ॅनिमेशनपटांचा हा नायक.

तिचे कर्ते शोतारो इशिनोमोरी यांनी 1961 साली, वयाच्या 23 व्या वर्षी, जगाची सफर केली. सर्वसामान्य जपानी माणसाला तेव्हा पर्यटनासाठी परदेशी जाता येत नसे. ते दार 1 एप्रिल 1964 रोजी उघडलं. त्याच वर्षी जुलैत ‘सायबोर्ग ००९’ साप्ताहिकातून सुरू झाली आणि ऑक्टोबरात टोकियोत ऑलिंपिक भरलं. ‘सायबोर्ग’ हा शब्दही ताजाच होता. माणसाला अंतराळात तगून राहता यावं यासाठी शरीराला यंत्राची जोड देण्याची कल्पना मांडताना क्लाइन्स आणि क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी तो 1960 साली अमेरिकेत घडवला होता.

शस्त्रांचा व्यापार करणारी ‘ब्लॅक घोस्ट’ संघटना जगभरातून माणसं पळवते आणि त्यांना युद्धयंत्रं बनवते. ००१ हे रशियन तान्हं बाळ, ००२ न्यूयॉर्कच्या गल्लीतला पोरगा, ००३ फ्रान्सची फ्रांस्वाझ. ००४ आल्बर्ट पूर्व जर्मनीचा. बर्लिनची भिंत ओलांडून पळताना त्याची प्रेयसी मारली गेली आणि त्याच्या हाताची मशीनगन झाली. ००५ अमेरिकेतला आदिवासी, ००६ चिनी आचारी, ००७ ब्रिटिश नट, ००८ आफ्रिकेतला प्युन्मा आणि ००९ जो. हे नऊ जण आपल्याला घडवणाऱ्यांवरच उलटतात. शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन बाळ आणि अमेरिकन पोरगा एकाच बाजूनं लढताना दिसावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे जोचा जन्म. त्याची आई जपानी, बाप परदेशी आणि अज्ञात. युद्धानंतर अमेरिकी फौजा जपानात होत्या, त्या काळात अशी हजारो मुलं जन्मली. ‘कोन्केत्सुजी’ म्हणजे मिश्र रक्ताचं मूल, हा शब्द त्यांच्या मागे लागला. टाकून दिलेल्या अशा मुलांसाठी मिकी सावादा यांना 1948 साली ओइसो इथे अनाथालय काढावं लागलं. जो त्यांच्याच पिढीचा. चित्रकथेत तो सुधारगृहातून पळालेला पोरगा आहे. इशिनोमोरींनी ज्याला नायक केलं, त्याला त्या समाजात वर्गातला शेजारी म्हणूनही सुखानं बसू दिलं जात नव्हतं.

पडद्यावर येताना मात्र हात आखडला. तोएई कंपनीच्या 1966 च्या चित्रपटात सुधारगृह गेलं आणि जो मोटारशर्यतीतला चालक झाला. 1968 साली 26 भागांची कृष्णधवल मालिकाही आली.

आणि मग प्युन्माचा चेहरा. तो खोल पाण्यात राहू शकतो, बुद्धीनं नि धैर्यानं कुणाहून उणा नाही. पण रेखाटला कसा? डांबरासारखा काळा गोळा, त्यात गोल डोळे आणि चेहऱ्याचा खालचा भाग व्यापणारे जाड ओठ. शेजारी जो उभा असतो, तेव्हा त्याच्या केसांची एकेक बट निगुतीनं काढलेली दिसते. ही रूढी पाश्चात्त्य व्यंगचित्रांतून जपानी चित्रकारांच्या हाती आली होती. द्वेष नव्हता म्हणून ती सोडून द्यावी, असं मला वाटत नाही. आफ्रिकी माणूस कधी न पाहिलेल्या मुलांना त्याची पहिली ओळख याच चित्रातून झाली. ००६ चं डुकरासारखं नाक आणि मोडकंतोडकं बोलणं हीसुद्धा त्याच साच्यातली. फ्रांस्वाझ दूरचं पाहते, दूरचं ऐकते. नऊ जणांत ती एकटी बाई, आणि प्रत्यक्ष हल्ला करणारं शस्त्र तेवढं तिच्या शरीरात नाही. बाळ सांभाळण्याचं कामही बहुधा तिच्याकडेच.

म्हणून ही कथा निव्वळ गौरवानं सांगू नये, आणि नुसत्या चित्रावरून फेकूनही देऊ नये. मुलांना जुने भाग दाखवणाऱ्यांनी प्युन्माच्या चित्रापाशी थांबून त्याच्याबद्दल बोलावं. पुढच्या एका कथेत जोची कळ बिघडते आणि तो थिजलेल्या जगात अडकून पडतो. सगळी माणसं समोर आहेत, पण हाक कुणालाच ऐकू जात नाही. लहानपणापासून परका ठरलेल्या मुलाचं दुःख याहून नेमकं मी कुठल्या विज्ञानकथेत वाचलेलं नाही.

इशिनोमोरी 28 जानेवारी 1998 रोजी गेले. ऑक्टोबर 2001 मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत प्युन्माचा चेहरा बदलला. तिथे तो एखाद्या खऱ्या तरुणासारखा दिसतो.