माशांच्या टाकींतील पाण्याची शुद्धि

मुलांच्या आग्रहावरून काचेची टाकी घरांत येते. धुतलेली रेती पसरली जाते, दोनचार पाणवनस्पति रोंवल्या जातात, नळाचें पाणी भरलें जातें आणि त्याच संध्याकाळीं पांचसहा मासे तींत सोडले जातात. पाणी स्फटिकासारखें नितळ असतें. आठदहा दिवस उलटतात न उलटतात तोंच एखादा मासा पृष्ठभागाशीं येऊन आ वासूं लागतो, खाणें टाकतो आणि मरतो. मग दुसरा, मग तिसरा. घरांतील मंडळी कधीं दुकानदाराला बोल लावतात, कधीं माशाच्या जातीला. दोष बहुधा पाण्याचा असतो. आणि विशेष हें कीं, मासे मरत असतांही तें पाणी पहिल्या दिवसाइतकेंच नितळ दिसत असतें.

नितळ पाणी आणि शुद्ध पाणी ह्या दोन निराळ्या गोष्टी होत, एवढें ध्यानांत आलें म्हणजे फिल्टर कोणता घ्यावा हा प्रश्न निम्मा सुटतो. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया नांवाचें द्रव्य सतत बाहेर टाकीत असतो. उरलेलें अन्न, विष्ठा व कुजकीं पानें ह्यांतूनही तेंच उत्पन्न होतें. नदींत किंवा तळ्यांत तें अपार पाण्यांत विरून जातें; घरच्या टाकींतून तें जाणार कोठें? त्याला रंग नाहीं, आणि इतक्या अल्प प्रमाणांत त्याचा वासही येत नाहीं. तथापि लिटरमागें मिलिग्रॅमच्या एखाद्या अंशानेंही कल्ल्यांना इजा पोंचूं शकते. पाणी जितकें उष्ण आणि जितकें अल्कधर्मी, तितकें हें विष अधिक तीव्र.

ह्यावर पहिला उपाय सुचला तो वनस्पतींचा. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं बारा गॅलनच्या टाकींत दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवून असें दाखविलें कीं, प्राणी व वनस्पति एकमेकांचें पाणी राखूं शकतात. परंतु बारा गॅलनांत मासे दोनच होते, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. आपल्या दिवाणखान्यांतील टाकींत तेवढ्याच पाण्यांत पंधरावीस मासे कोंबलेले असतात, आणि मग वनस्पति एकटी पुरी पडत नाहीं.

खरें काम करतात ते सूक्ष्म जंतु. सेर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखविले. त्यांतील एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो आणि दुसरा त्या नायट्राइटचें नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानानें पुष्कळच सौम्य. हीं दोन्हीं कामें एकटाच करणारा जंतु २०१५ सालीं उजेडांत आला, आणि गंमत अशी कीं, त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरांतच सांपडला! हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. खरखरीत पृष्ठभागाला चिकटून, वाहत्या व प्राणवायुयुक्त पाण्यांत ते वाढतात. म्हणून फिल्टर म्हणजे केवळ गाळणी नव्हे, तें ह्या जंतूंचें घर होय. आणि घराची परीक्षा आंत जागा किती व हवा किती, ह्यावरून करावी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशा टाकींत सुमारें ७० लिटर पाणी मावतें. नवशिक्याच्या अशा टाकीला स्पंजचा फिल्टर सर्वांत सोपा. हवेच्या पंपाचे बुडबुडे नळींतून वर चढतात, ते पाणी स्पंजांतून ओढून घेतात, आणि त्याबरोबर पृष्ठभागही ढवळला जातो. दिसायला तो सुंदर नाहीं, हें खरें. काठावर टांगावयाचा फिल्टर कचरा अधिक चांगला उचलतो. बाहेर ठेवावयाचा बंद डब्याचा फिल्टर मोठ्या टाक्यांसाठीं योग्य. रेतीखालीं बसविण्याची जुनी जाळी मात्र कालांतरानें गाळानें तुंबते, आणि ती साफ करावयाची म्हणजे सारी टाकी उपसावी लागते. विजेवर चालणारा पंप घेतांना ताशीं टाकीच्या चौपट ते सहापट पाणी फिरेल, म्हणजे वरील टाकीसाठीं ताशीं २८० ते ४२० लिटर, असा पाहावा. कोळशाची पिशवी रंग व वास शोषून घेते, पण कांहीं आठवड्यांनीं ती निकामी होते; शिवाय पाण्यांत औषध घातलें असल्यास तेंही ती शोषून टाकते.

पिण्यासाठीं घरांत असलेल्या आर. ओ. यंत्राचें पाणी माशांना उत्तमच असणार, हा सुशिक्षित घरांतील एक लाडका समज आहे. त्या पाण्यांतून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. आम्लता सांवरून धरणारें कांहींच न उरल्यानें तें हळूहळू आम्ल होत जातें, आणि जंतूंचें कामही मंदावतें. बोअरवेलचें पाणी इतकें जड असेल कीं त्यांत डाळ शिजत नाहीं, तर त्यांत थोडें आर. ओ. पाणी मिसळावें, एरव्हीं नळाचेंच बरें. त्या पाण्यांतील क्लोरीन मात्र घालविलें पाहिजे. उघड्या बादलींत एक दिवस ठेवल्यानें, किंवा दुकानांत मिळणारें अँटिक्लोरीन घातल्यानें तें जातें. कांहीं ठिकाणीं क्लोरीनऐवजीं क्लोरामीन वापरतात. तें नुसतें ठेवून जात नाहीं, औषधच लागतें.

आतां मांडणी. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा, नाहीं तर नळींत एकमार्गी झडप बसवावी. वीज गेली कीं पाणी उलट ओढलें जाऊन जमिनीवर येतें. विजेची तार प्लगाखालीं थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगांत न शिरतां खालीं पडतो. फिल्टर सुरू झाल्यावर मासे लगेच सोडूं नयेत. रोज चिमूटभर माशांचें खाद्य टाकून टाकी तशीच चालूं द्यावी. चार ते सहा आठवडे लागतात. थेंब घालून रंग पाहण्याची परीक्षापेटी मिळते. तीवर प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढतें, आणि अखेर दोन्ही शून्यावर येतात. त्या दिवशीं टाकी तयार झाली. दह्याला विरजण लागतें, तसें ह्यालाही लावतां येतें. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी टाकींतील स्पंज नव्या टाकींत पिळला, तर हा काळ बराच आटोपतो. त्यानंतरही मासे थोडे थोडेच वाढवावे.

पुष्कळ टाक्या बिघडतात त्या हौसेनें केलेल्या सफाईमुळें. स्पंज नळाखालीं खळखळून धुतला, कीं क्लोरीननें महिनाभराची वसाहत मरते, आणि मासे पुन्हां पहिल्या आठवड्यांतील संकटांत सांपडतात. टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत तो एकदोनदां दाबून घ्यावा, एवढें बस्स. सांचणाऱ्या नायट्रेटसाठीं आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें.

उन्हाळ्यांत निराळी काळजी. २० अंशांवरील पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांवर साडेसातच. त्यांत दुपारीं वीज गेली, तर मासे व जंतु दोघेही तेवढ्याच सांठ्यावर जगतात. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप अशा वेळीं कामीं येतो; तो नसल्यास तांब्यानें पाणी वरून ओतीत राहावें. बंद डब्याचा फिल्टर कांहीं तास थांबला असल्यास आंतलें कुबट पाणी फेंकून, आंतला स्पंज टाकीच्या पाण्यांत हलकेच विसळून, मगच तो पुन्हां सुरू करावा.