फुकटचा सिनेमा

नंदाखालच्या आमच्या बचत गटात एका ताईने विचारलं, "लेकाने कॉलेजच्या वायफायवर सिनेमा उतरवला, तर त्याचं इंटरनेटच बंद केलं. त्याने काय चोरी केली?"

वाडीतला केळीचा घड चोरला, तर झाड रिकामं दिसतं. फाईल कितीही जणांनी घेतली तरी जागेवरच राहते, म्हणून मुलांना ती चोरी वाटत नाही. पण २०१६ मध्ये 'सैराट' थिएटरात चालू असतानाच त्याची प्रत मोबाईलवर फिरली. फुकट पाहणाऱ्याचं तिकीट बुडतं, आणि सिनेमाचा बराचसा खर्च तर तिकिटातून निघायचा असतो.

टोरेंटवरून सिनेमा घेताना आपला मोबाईल त्याचे तुकडे इतरांनाही पाठवत असतो. म्हणजे मुलगा नुसता घेत नाही, वाटतोही. वायफायला ज्याचं त्याचं लॉगिन असलं, की नाव सापडतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून असं करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. गुन्हा मात्र राहतोच.

स्वतःच्या अभ्यासापुरती पुस्तकाची काही पानं झेरॉक्स करायला मुभा आहे. तेव्हा मुलांना ओरडू नका, समजावून सांगा. आणि आपल्या ग्रुपवर आलेला नवा सिनेमा आपणही पुढे पाठवू नका.