खर्चाचे बोलणे आधी, तोंड उघडणे मागाहून

(जर्मनीतील मराठी कुटुंबांच्या सभेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज या सभेत दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. महाराष्ट्रातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन आलेले आणि येथे व्यवसायाचा परवाना मिळवलेले तरुण, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसणारे आम्ही. मी दंतवैद्य नाही. परिचारिका म्हणून आयुष्य गेले, आणि त्या नोकरीत एक गोष्ट रोज पाहिली. डॉक्टरांपुढे मान डोलावणारा रुग्ण, डॉक्टर वळताच हळूच विचारतो, "सिस्टर, ते काय म्हणाले? आणि पैसे किती लागतील?" हा प्रश्न ज्याला विचारायचा त्यालाच, वेळेवर, विचारता यावा एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

आपल्याकडे ठाणे-अलिबागचा रुग्ण दवाखान्याची पायरी चढताच "डॉक्टर, किती होतील?" असे विचारतो. तोच माणूस जर्मनीत आला की गप्प होतो. दरमहा विम्याची वर्गणी जाते, तेव्हा सर्व काही त्यातच होत असेल अशी त्याची समजूत असते. शिवाय परक्या भाषेत ऐपतीची गोष्ट काढणे त्याला कमीपणाचे वाटते. मग तो "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातो आणि परत येत नाही. कॅप बसवून वाचली असती ती दाढ वर्षभराने काढावी लागते. न बोललेल्या खर्चाची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणून प्रथम येथील व्यवस्था समजून घेऊ. सरकारी विमा कॅप, ब्रिज किंवा कवळीसाठी ठरावीक अनुदान देतो. त्याला फेस्टत्सुशूस म्हणतात. २००५ पासून हे अनुदान दातांच्या अवस्थेवर ठरते. तुम्ही कोणती पद्धत निवडता यावर ठरत नाही. प्रत्येक अवस्थेसाठी एक प्रमाणित उपचार ठरलेला आहे. ऑक्टोबर २०२० पासून त्याच्या खर्चाच्या ६० टक्के रक्कम विमा देतो. सलग ५ वर्षे दरवर्षी तपासणी करून बोनुसहेफ्ट या पुस्तिकेत नोंद असेल तर ७० टक्के, १० वर्षांची नोंद असेल तर ७५ टक्के. येथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात. आपल्या रोश हशानापासून मोजत बसू नका!

गणितापुरते धरा की एक दात गेला आहे आणि प्रमाणित ब्रिजचा खर्च १,००० युरो आहे. विमा ६०० देईल, तुम्ही ४०० द्याल. १० वर्षांची पुस्तिका असेल तर तुमचे २५० च. आता तुम्ही संपूर्ण सिरॅमिकची १,८०० युरोंची ब्रिज निवडली, तरी विम्याचे ६०० च राहतील, आणि तुमच्या वाट्याला १,२०० येतील. ३,००० युरोंचे इम्प्लांट निवडले तर २,४००. उत्पन्न अल्प असेल तर हेर्टेफाल या सवलतीत अनुदान प्रमाणित उपचाराच्या खर्चाच्या १०० टक्के होते आणि तो उपचार पदरचे पैसे न घालता होतो. २०२५ साली एकट्या व्यक्तीसाठी ही मर्यादा दरमहा १,४९८ युरो एकूण उत्पन्नाची होती.

आता तरुण दंतवैद्यांना चार गोष्टी सांगते.

पहिली, प्रमाणित उपचार सर्वांत आधी सांगा आणि तो कमी दर्जाचा असल्यासारखा सांगू नका. मागच्या दाढेवरची धातूची कॅप चावायला उत्तमच काम देते. महागड्या पर्यायात जास्तीचे काय मिळते, रूप, टिकाऊपणा की शेजारचे दात न घासण्याची सोय, ते त्यानंतर सांगावे.

दुसरी, प्रत्येक पर्यायासमोर रुग्णाच्या खिशातून जाणारी रक्कम लिहा. एकूण बिल आणि टक्के ऐकून सामान्य माणसाला काही उमगत नाही. काहीच न केल्यास काय होईल, आणि किती काळ थांबणे सुरक्षित आहे, हाही एक पर्याय म्हणून सांगा. कामे टप्प्याटप्प्याने करता येत असतील तर आज कोणते आणि पुढच्या वर्षी कोणते, ते ठरवून द्या.

तिसरी, हे बोलणे खुर्ची आडवी करण्यापूर्वी, समोरासमोर बसून करा. तोंडात कापूस असलेला माणूस घासाघीस तर सोडाच, प्रश्नही विचारू शकत नाही. आणि कपड्यांवरून ऐपत ओळखू नका. साध्या साडीतल्या आजींना इम्प्लांट परवडत असेल, सूटातल्या गृहस्थांवर कर्ज असेल. दोघांनाही सारेच पर्याय सांगा.

चौथी, "समजले का?" असे विचारू नका, भिडेस्तव सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर मुलांना काय सांगाल?" असे विचारा. उत्तरावरून किती समजले ते लगेच कळते.

ही केवळ सौजन्याची गोष्ट नाही. फेब्रुवारी २०१३ पासून लागू झालेल्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे पर्यायांची माहिती तोंडी, समजेल अशा भाषेत आणि विचाराला वेळ राहील अशी द्यावी लागते. विमा पूर्ण खर्च देणार नाही हे ठाऊक असेल, तर अंदाजे खर्च उपचारापूर्वी लेखी कळवावा लागतो.

आता खुर्चीत बसणाऱ्यांना. उपचार व खर्चाचा आराखडा, हाइल उंड कोस्टनप्लान, विम्याने मंजूर केला की सहा महिने चालतो. म्हणजे त्याच दिवशी सही करण्याची घाई नाही. कागद घरी न्या, हवे तर दुसऱ्या दंतवैद्याला दाखवा. तो तुमचा अधिकार आहे. "जादा पैसे न देता होणारा उपचार कोणता?" हा प्रश्न निःसंकोच विचारा. दात भरण्याबाबतही तो विचारता येतो. २०२५ च्या जानेवारीपासून युरोपीय संघात, अपवाद वगळता, चांदी भरणे बंद झाले. तरी विम्यातून जादा पैशांविना दात भरून मिळतो.

दात कोरून पोट भरत नाही, अशी आपली म्हण आहे. फुकट होणारी वार्षिक तपासणी चुकवून कोणाची बचत झालेली मी पाहिली नाही. घरी जाऊन आपली पुस्तिका काढा आणि या वर्षाची नोंद झाली आहे का ते पाहा. दंतवैद्य मुलांनो, तुमच्याकडे मराठी आहे. जर्मन अपुरी पडणाऱ्या आमच्या वृद्धांना तिच्यातून खर्च समजावून सांगा. त्यांचे दात वाचतील, आणि मानही.