यंत्र आले, आता माणूस का उतरवता?

हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे शाळेत शिकवतात. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, हे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या आमच्या माणसाला कोण सांगतो? वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून तो आणखी खाली जातो आणि मरतो. नखाएवढ्या सेन्सरची अशी फसगत होत नाही. टिन ऑक्साईडसारख्या पदार्थाचा पातळ थर वायू लागताच आपला विद्युतरोध बदलतो आणि वर धोक्याची सूचना मिळते. तेव्हा प्रयोगशाळेतले हे संशोधन साहेबलोकांचे म्हणून सोडून देऊ नका.

केरळातील अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणांनी ‘बँडिकूट’ हा रोबो घडवला. नाव घुशीचे, पाय कोळ्यासारखे. तो मॅनहोलमध्ये शिरून गाळ उपसतो. २०१८ साली तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. मद्रास आयआयटीत प्रा. प्रभू राजगोपाल यांच्या गटाने सेप्टिक टँकसाठी ‘होमोसेप’ बनवला. तोंड अरुंद म्हणून त्याची पाती मिटून आत जातात, आत उलट्या छत्रीसारखी उघडतात, घट्ट मैला घुसळून पातळ करतात आणि मग तो खेचून घेतला जातो. या कामात सफाई कर्मचारी आंदोलन सोबत होते. (कामगारांच्या संघटनेला सोबत घेणारे प्राध्यापक किती, हा प्रश्न वेगळा!)

वकील म्हणून मला यातला कायदेशीर मुद्दा मोठा वाटतो. २०१३ च्या कायद्याने गटारातील ‘धोकादायक सफाई’ला बंदी केली, पण व्याख्येतच पळवाट ठेवली. मालकाने संरक्षक साधने व सफाईची उपकरणे दिली नाहीत तरच ती सफाई धोकादायक ठरते. मग ठेकेदार मास्क आणि हातमोजे कोर्टात दाखवतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ३३ योग्य यंत्रे वापरण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकते. ‘असे यंत्र मिळतच नाही’ हा बचाव आता कसा टिकेल? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारमृत्यूची भरपाई १० लाख ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. माणूस मेल्यावरचा हा हिशेब किती दिवस करायचा?

आणि यंत्र आल्यावर ते कोण चालवणार? बँडिकूट चालवण्याचे शिक्षण सफाई कामगारांनाही दिले गेले आहे. तीच नोकरी कायम पगारावर त्यांनाच मिळाली पाहिजे, नाहीतर यंत्र परक्याचे आणि आमचा माणूस घरी.

आपल्या नगरपालिकेला माहिती अधिकारात विचारा: यंत्र आहे काय, गेल्या वर्षी किती दिवस चालले, चालवणारा कायम आहे की ठेक्यावरचा? ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. मुदत चुकवू नका.