एका ग्रॅम प्लॅटिनमचा पसारा

चंद्रपूरकरांनो, आपली ओळख २९२० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र. पण २१ ऑगस्ट २०२२ ला पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआरची स्वदेशी हायड्रोजन बस दाखवली गेली. मागून धूर नाही, फक्त पाणी!

अशा बसमध्ये हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलचा जीव प्लॅटिनमच्या नॅनोकणांत असतो. एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला, तर पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्याचेच ३ नॅनोमीटरचे कण केले, की सुमारे ९० चौरस मीटर! अभिक्रिया पृष्ठभागावरच होते, म्हणून हा सगळा खटाटोप.

प्लॅटिनम महाग. बसला लागणारा हायड्रोजन पाण्यातून काढायला मात्र अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये निकेल-लोखंडावर भागतं. लोहखनिज तर आपल्या सुरजागडला डोंगरभर आहे. गोंडवाना विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या पोरांनो, प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्या!