खुर्ची एक, बसणारे नऊ

१ मार्च १९५२ रोजी उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मार्तिनेस त्रुएबा यांनी स्वतःचंच पद मोडीत काढलं. त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झालं होतं. बंड झालं नव्हतं की लष्कराने वाडा वेढला नव्हता. त्यांनीच घटनादुरुस्तीसाठी पुढाकार घेतला होता, लोकांचा कौल घेतला होता, आणि आता एका राष्ट्राध्यक्षाच्या जागी नऊ जणांचं मंडळ कारभार पाहणार होतं. उरुग्वेत या व्यवस्थेला ‘कोलेहिआदो’ म्हणत. पुढची पंधरा वर्षं या देशात सर्वसत्ताधारी असा एक माणूस नव्हता.

हे समजून घ्यायचं तर आपल्याकडचं राष्ट्रपतिपद क्षणभर बाजूला ठेवावं लागतं. उरुग्वेचा राष्ट्राध्यक्ष देशाचा प्रमुख असतो आणि सरकारचाही. त्यामुळे ती खुर्ची ज्याची, त्याचं राज्य. आणि ती कुणाची, यावरून तिथे साठ-सत्तर वर्षं रक्त सांडलं होतं.

अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यामधला हा छोटा देश १८२८च्या तहातून स्वतंत्र झाला. १८ जुलै १८३० रोजी त्याच्या पहिल्या घटनेची शपथ घेतली गेली. फ्रुक्तुओसो रिवेरा पहिले घटनात्मक राष्ट्राध्यक्ष झाले, मान्युएल ओरिबे दुसरे. लवकरच पहिल्याने दुसऱ्याविरुद्ध बंड केलं. १८३६च्या कार्पिंतेरियाच्या लढाईत ओरिबेंच्या माणसांनी पांढऱ्या फिती लावल्या होत्या. रिवेरांच्या गटाची खूण पुढे लाल ठरली. ब्लांको आणि कोलोरादो, म्हणजे पांढरे आणि लाल, हे दोन पक्ष त्यातूनच जन्मले. घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच रंगाची राहिली. १८४३ ते १८५१ या काळात तर मोंतेविदेओ शहराला वेढा पडलेला होता. आत लालांचं सरकार, बाहेर टेकडीवर पांढऱ्यांचं. १९ फेब्रुवारी १८६८ रोजी बेर्नार्दो बेरो आणि बेनान्सिओ फ्लोरेस या दोन माजी राष्ट्रप्रमुखांचे एकाच दिवशी, एकाच शहरात खून झाले. एक पांढरा, एक लाल. १८९७मध्ये हुआन इदिआर्ते बोर्दा पदावर असतानाच गोळीला बळी पडले.

या सगळ्यावर उपाय शोधणारा माणूस होसे बात्ये इ ओर्दोन्येस. वडील लोरेन्सो बात्ये राष्ट्राध्यक्ष होते, पुढे पुतण्या लुइस आणि पुतण्याचा मुलगा होर्हे हेही झाले. होसे स्वतः १९०३ ते १९०७ आणि १९११ ते १९१५ असे दोनदा त्या पदावर होते. पहिल्याच कारकिर्दीत त्यांना पांढऱ्यांचं शेवटचं मोठं बंड मोडावं लागलं. १९०४मध्ये त्याचा म्होरक्या आपारिसिओ साराविआ जखमी होऊन मेला तेव्हा ते संपलं. त्यानंतर बात्ये युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधलं सामूहिक सरकार त्यांच्या मनात भरलं. एका माणसाच्या हाती सगळी सत्ता दिली की हुकूमशहा किंवा बंडखोर यांपैकी कुणीतरी उगवणारच, असा त्यांचा हिशेब होता. १९१३मध्ये त्यांनी नऊ जणांच्या मंडळाची कल्पना आपल्या ‘एल दिआ’ या वर्तमानपत्रात मांडली.

लोकांना ती रुचली नाही. १९१६च्या घटनासमितीच्या निवडणुकीत बात्येंचे समर्थक हरले. मग मधला मार्ग निघाला. १९१९पासून अमलात आलेल्या घटनेने सत्ता उभी चिरली: परराष्ट्र, संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा राष्ट्राध्यक्षाकडे, शिक्षण, आरोग्य, अर्थकारण अशी खाती नऊ जणांच्या प्रशासकीय मंडळाकडे. विरोधकांनाही त्यात जागा होत्या. १९३३च्या मार्चअखेरीस गाब्रिएल तेर्रा या राष्ट्राध्यक्षाने पोलिसांच्या जोरावर हे मंडळ बरखास्त केलं. माजी राष्ट्राध्यक्ष बाल्तासार ब्रुम यांनी त्याच दिवशी मोंतेविदेओच्या रस्त्यावर स्वतःवर गोळी झाडून निषेध नोंदवला.

१९५१मध्ये ही कल्पना पुन्हा वर आली ती मात्र निव्वळ तत्त्वासाठी नव्हे. मार्तिनेस त्रुएबांना स्वपक्षातल्या लुइस बात्ये बेर्रेस यांची वाढती लोकप्रियता सलत होती. पांढऱ्यांचे वयोवृद्ध नेते लुइस आल्बेर्तो दे एरेरा आयुष्यभर मंडळाच्या विरोधात बोलले होते. पण निवडणूक हरूनही सत्तेत हक्काचा वाटा मिळतोय म्हटल्यावर त्यांनीही होकार दिला. जनमताला फार थोडे मतदार आले, तरी दुरुस्ती मंजूर झाली.

नवी रचना साधी होती. नऊपैकी सहा जागा जिंकलेल्या पक्षाच्या, तीन हरलेल्याच्या. मंडळाचं अध्यक्षपद बहुमतवाल्या यादीतल्या क्रमाने दरवर्षी फिरायचं. पहिली तीन वर्षं ते मार्तिनेस त्रुएबांकडेच राहिलं, नंतर पाळी सुरू झाली. १९५८मध्ये ९३ वर्षांनी पांढरे जिंकले, आणि सत्तांतर मुकाट्याने पार पडलं. मग कधी रेडिओवरून शेतकऱ्यांशी बोलून नाव कमावलेले बेनितो नार्दोने देशाचे प्रमुख, तर कधी एदुआर्दो विक्तोर आएदो. १९६५मध्ये लुइस जान्नात्तासिओ पाळी संपायच्या आधीच वारले, तेव्हा पुढचा सदस्य त्या जागी बसला. कुठेही गडबड झाली नाही.

गडबड होती ती कारभारात. सहा बहुमतवालेही एका मनाचे नसत; पक्षांत गट, गटांत उपगट. निर्णय लांबत. सरकारी महामंडळांतल्या जागाही दोन पक्षांत वाटल्या जात, त्यामुळे नोकरभरती फुगली. कोरियन युद्धानंतर लोकर आणि मांसाचे भाव पडले; देशाची कमाई त्यांवरच होती. १९६५मध्ये बँका बुडाल्या. सुकाणूवर नऊ हात असलेली होडी शांत पाण्यात ठीक चालते, वादळात नाही. नोव्हेंबर १९६६मध्ये मतदारांनी पुन्हा एकच राष्ट्राध्यक्ष मागितला.

तो एक माणूस, निवृत्त जनरल ऑस्कार हेस्तिदो, नऊ महिन्यांतच वारला. उपाध्यक्ष होर्हे पाचेको आरेको यांनी आणीबाणीच्या अधिकारांखाली राज्य केलं. त्यांच्यानंतर आलेल्या हुआन मारिया बोर्दाबेर्री यांनी २७ जून १९७३ रोजी लष्कराच्या साथीने संसद विसर्जित केली. मंडळ जाऊन सात वर्षंही झाली नव्हती. सगळा दोष एकट्याच्या खुर्चीवर टाकणं चूक ठरेल. तुपामारो बंडखोरांचा संघर्ष आणि आर्थिक घसरण हीही कारणं होती. पण बात्येंची भीती खरी ठरली, हे नाकारता येत नाही. १९८०मध्ये लष्कराने स्वतःची घटना जनमताला टाकली, आणि लोकांनी ती फेटाळली.

नऊ जणांचं मंडळ परत आलं नाही, येण्याची शक्यताही नाही. राज्य चालवायला ते कुचकामी ठरलं, हा निकाल योग्यच आहे. मात्र विरोधकाला सत्तेच्या दारात उभं करण्याची सवय त्याने या देशाला लावली, आणि ती टिकली. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये कोलोरादोंचे हुलिओ मारिया सांगिनेती आणि एकेकाळचे तुपामारो होसे मुहिका या दोन माजी राष्ट्राध्यक्षांनी एकाच दिवशी सिनेट सोडली आणि तिथेच एकमेकांना मिठी मारली. पूर्वी याच मोंतेविदेओ शहरात दोन माजी राष्ट्रप्रमुख एकाच दिवशी मारले गेले होते.

आजच्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. मध्ये पाच वर्षं जावी लागतात. १९८५पासून २०२५पर्यंत तिथे राष्ट्राध्यक्षांच्या आठ कारकिर्दी झाल्या. आठही पूर्ण झाल्या, आणि आठही वेळा पुढच्याच्या हाती सत्ता १ मार्चलाच गेली.