मागितल्याशिवाय मिळत नाही

माझी मावशी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. काका गेल्यापासून ती घरात एकटीच असते. परवा फोनवर म्हणाली, "घराचा कर होता तेवढाच आहे, पेन्शन मात्र आता एकाचीच. थंडीत हीटर लावतानाही विचार करावा लागतो." मी विचारलं, "अगं, काउन्सिलकडे चौकशी केलीस का?" तर म्हणाली, "या वयात कुणापुढे हात पसरू?"

आपल्याकडे घरपट्टी, तसा तिकडे काउन्सिल टॅक्स. इंग्लंडमध्ये १९९१ सालच्या किमतीवरून घरांचे आठ गट केलेले आहेत आणि गटावर कर ठरतो. घरात राहणाऱ्याची मिळकत त्यात पाहिली जात नाही. म्हणूनच सवलतींची वेगळी सोय आहे, आणि ती बहुधा अर्ज केल्यावरच मिळते.

पहिली सवलत एकट्या राहणाऱ्याची. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर बिलात २५ टक्के सूट मिळते. इथे उत्पन्न विचारतच नाहीत. मावशीने काकांच्या मागे हीच कळवायची राहून गेली होती.

दुसरी सवलत कमी उत्पन्नाची. २०१३ पासून या योजना काउन्सिलांकडे आल्या; मात्र इंग्लंडमध्ये पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी नियम सरकारनेच ठरवून दिले आहेत. बचत १६ हजार पौंडांच्या वर असेल तर ही मदत सहसा मिळत नाही. राहते घर त्यात धरत नाहीत; पण भारतातली मुदत ठेव किंवा इकडचा रिकामा फ्लॅट धरतात. तो लपवू नये. पेन्शन क्रेडिटमधले गॅरंटी क्रेडिट मिळत असेल, तर बचतीची ही अट आड येत नाही. म्हणून आधी पेन्शन क्रेडिटची चौकशी करावी. उशीर झाला असला, तरी पेन्शनच्या वयाच्या माणसाला तीन महिने मागचीही मदत मिळू शकते.

स्मृतिभ्रंश किंवा अपंगत्व असेल, तर त्यासाठी वेगळ्या सवलती आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असेल, तर कमी उत्पन्नाच्या सवलतीसाठी अर्ज करू नये. एकटेपणाची २५ टक्के सूट त्या अटीत येत नाही.

आता मदत कशी करायची? बिल, पेन्शनचे पत्र आणि बँकेचे कागद घेऊन शेजारी बसा. लांब असाल तर फोनवरून एकेक कागद वाचून घ्या. काउन्सिल तुमच्याशी परस्पर बोलणार नाही. आधी त्यांना स्वतः संमती देऊ द्या. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि एज यूके या संस्था फुकट सल्ला देतात.

मावशीला मी एवढंच म्हटलं, "अगं, इतकी वर्षं तूच कर भरलास ना? मग हे मागणं कसलं?" दुसऱ्या दिवशी तिने अर्ज मागवला. तुमचं कुणी तिकडे असेल, तर आजच्या रविवारच्या फोनवर हा विषय जरूर काढा.